‘दृष्टिदान’ : एका शब्दाची फेरतपासणी

दरवर्षी १० जून रोजी महाराष्ट्रात दृष्टिदान दिन पाळला जातो. नेत्रशल्यविशारद डॉ. भालचंद्र यांच्या स्मृतीसाठी हा दिवस निवडलेला आहे. त्या सुमारास महाविद्यालये पुरती उघडलेली नसतात, त्यामुळे कार्यक्रम आठ-पंधरा दिवस पुढे ढकलला जातो, पण होतो. राष्ट्रीय सेवा योजनेकडे व्यवस्था, विज्ञान शाखेकडे व्याख्याता आणि मराठी विभागाकडे सूत्रसंचालन व निबंधस्पर्धा, अशी कामाची वाटणीही ठरून गेलेली आहे. निबंध तपासण्याचे काम गेली अनेक वर्षे आम्ही करीत आलो आहोत. या लेखाचे निमित्त ते निबंध आहेत.

छत्रपती संभाजीनगर आणि परिसरातील विद्यार्थी या विषयावर लिहू लागले की बहुतेकांची लेखणी डॉ. तात्याराव लहाने यांच्यापाशी येऊन थांबते. ते स्वाभाविक आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगाव या खेड्यात १९५७ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेला मुलगा आमच्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, वैद्यकीय शिक्षण घेतो. मराठवाडा विद्यापीठाची एम.बी.बी.एस. ही पदवी १९८१ मध्ये आणि नेत्रचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी १९८५ मध्ये मिळवतो. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करतो. १९९४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रविभाग सांभाळतो. पुढे त्याच रुग्णालयाचा अधिष्ठाता होतो, २००८ साली पद्मश्रीने गौरविला जातो. मध्यंतरी, १९९५ साली, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असता आई अंजनाबाई आपले एक मूत्रपिंड देते आणि मुलगा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा राहतो. या आयुष्यावर २०१८ मध्ये मराठी चित्रपटही आला. निबंध लिहिणाऱ्या मुलाला यापेक्षा अधिक काय हवे?

तरीही निबंधांचा गठ्ठा खाली ठेवताना आमच्या मनात दरवर्षी एक अस्वस्थता राहते. सगळे निबंध एकच असतात. ‘देवदूत’, ‘अंधारातून प्रकाशाकडे’, ‘लाखोंना दृष्टिदान’, ‘माउलीचा पुनर्जन्म’. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्रे, सत्कारसभा, मानपत्रे आणि गौरविका यांनी जी भाषा त्यांच्या हाती दिली तीच ती परत करतात. प्रश्न त्या भाषेचा आहे, आणि भाषेचा प्रश्न असल्यामुळे तो मराठीच्या अध्यापकांचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ‘दृष्टिदान’ हा शब्द मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला लावणे चूक आहे. आणि ही चूक केवळ शब्दकोशातली नाही. तिच्यामुळे एका मोठ्या कामाचे स्वरूपच आपल्याला दिसेनासे होते.

प्रथम व्याकरण. दान म्हटले की दाता आला, देय वस्तू आली आणि घेणारा आला. जुन्या परिभाषेत घेणाऱ्याला संप्रदान म्हणतात, त्याची जागा चतुर्थीत. नेत्रदान या शब्दात हे तिन्ही घटक जागच्या जागी आहेत. मृत्यूनंतर कुणीतरी आपले स्वतःचे बुब्बुळ देते, ते दुसऱ्या कुणाला बसवले जाते. रक्तदानातही तसेच. डॉ. लहाने यांच्या आयुष्यात ‘दान’ हा शब्द एका ठिकाणी अगदी अचूक लागू पडतो, तो म्हणजे अंजनाबाईंच्या बाबतीत. त्यांनी स्वतःच्या देहातले काढून दिले. त्यांच्यापाशी ते एक कमी झाले.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र डॉक्टर स्वतःची दृष्टी देत नाही. दृष्टी रुग्णाचीच असते. दृष्टिपटल शाबूत असते, मज्जातंतू शाबूत असतो. मधले भिंग तेवढे गढुळलेले असते. ते काढून त्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग बसवायचे, हे काम आहे. कौशल्याचे, जबाबदारीचे, शिकून येणारे काम. आमच्या भागातल्या वृद्ध बाया ‘डोळ्याचं आपरेशन झालं’, ‘मोतीबिंदू काढला’ आणि ‘आता दिसतंय’ एवढेच म्हणतात. त्यांच्या बोलीत दाता नाही. आमच्या मते त्यांचे मराठी निबंधातल्या मराठीपेक्षा अचूक आहे.

यावर आमच्याच विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, मराठीत ‘दान’ इतके काटेकोर नाही. श्रमदान आहे, विद्यादान आहे, मतदान तर संविधानाने दिलेला हक्क असूनही आपण त्याला दानच म्हणतो. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु मतदानात देणारा सामान्य नागरिक आहे. त्या शब्दाने त्याची उंची वाढते. दृष्टिदानात सामान्य नागरिक घेणारा आहे. त्या शब्दाने त्याची मान खाली जाते. राहिले विद्यादान. शासनाच्या वेतनश्रेणीप्रमाणे पगार घेऊन आम्ही जे करतो त्याला समारंभात विद्यादान म्हटले गेले की आम्हाला बरे वाटते, हे खरे आहे. तास बुडाला तर विद्यार्थ्याने तक्रार करू नये, कारण दान मागून मिळत नसते, अशी एक सोयही त्या शब्दात आहे. म्हणून तो शब्द आम्ही स्वतःपुरता सोडून द्यायला तयार आहोत. मग डॉक्टरांसाठी तो का राखून ठेवावा?

आता या शब्दामुळे झाकले काय जाते ते पाहू.

झाकली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे काम. मोतीबिंदूवरचा इलाज आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ भिंग सुईने बाजूला सारण्याचा विधी आहे. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधील झाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये आणली. काढलेल्या भिंगाच्या जागी काय ठेवायचे हा प्रश्न त्यानंतर दोनशे वर्षे तसाच होता. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या झडपेचे ॲक्रिलिकचे कपचे घुसूनही डोळा ते सहन करतो, हे लंडनचे हॅरल्ड रिडली यांनी पाहिले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. खेड्यापाड्यांतील रुग्णापर्यंत ते यायला आणखी कित्येक दशके जावी लागली.

तोवर मराठवाड्यात काय होते? मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबावे लागे. मग शाळेत किंवा धर्मशाळेत भरलेल्या शिबिरात आवरणासकट भिंग काढले जाई, टाके घातले जात, डोळ्यांवर पट्टी बांधून न हलता पडून राहावे लागे आणि काही आठवड्यांनी जाड काचांचा चष्मा मिळे. आमच्यापैकी एकाच्या आईने तो चष्मा अनेक वर्षे वापरला. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसते आणि आहे त्यापेक्षा जवळ वाटते. त्या चहा ओतीत तो कपाच्या अलीकडे पडे. जिन्याची पायरी पायाला सापडत नसे. चष्मा फुटला तेव्हा शहरातून नवा येईपर्यंत त्या पुन्हा पहिल्यासारख्या भिंत धरून चालत होत्या. ‘दृष्टिदान’ त्यांनाही झालेच होते. शब्दाच्या लेखी त्यांचा डोळा आणि आज कृत्रिम भिंग बसवून दुसऱ्या दिवशी चालत घरी जाणाऱ्या रुग्णाचा डोळा यांत काही फरक नाही. वास्तविक सगळे वैद्यकीय कर्तृत्व त्या फरकातच आहे.

डॉ. लहाने यांच्या पिढीने हा फरक घडताना पाहिला आणि घडवलाही. जाड चष्म्याकडून कृत्रिम भिंगाकडे, टाक्यांकडून बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेकडे, धर्मशाळेकडून रुग्णालयाकडे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा जो प्रकल्प राबवला गेला त्याचा रोख हाच होता की, शिबिरात रुग्ण तपासावेत, पण शस्त्रक्रिया रुग्णालयात, निर्जंतुक खोलीत करावी. हे चरित्रात यायला हवे. कारण एखादा माणूस मोठा होतो तो अशाच काळाच्या सांध्यावर उभा राहून.

आकड्यांचेही तसेच आहे. डॉ. लहाने यांना पद्मश्री मिळाली तेव्हा एक लाख शस्त्रक्रियांचा आकडा सर्वत्र छापून आला होता. आमचे विद्यार्थी तो उद्गारचिन्हासह लिहितात आणि पुढे जातात. आम्ही एकदा वर्गात फळ्यावर भागाकार करून पाहिला. १९८५ ते २००८ ही तेवीस वर्षे धरली तर वर्षाला सुमारे ४,३००. कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज चौदा-पंधरा. त्यात आजारपण आले, अध्यापन आले, प्रशासन आले. याचा अर्थ अनेक दिवशी ही संख्या कितीतरी अधिक असणार. मग मुलांना विचारले, एका माणसाला हे शक्य होण्यासाठी त्याच्या भोवती कोण कोण असावे लागेल? उत्तरे हळूहळू येऊ लागली. आदल्या दिवशी डोळ्याची मापे घेऊन भिंगाचा नंबर काढणारा तंत्रज्ञ, भूल देणारा, उपकरणे उकळत्या वाफेतून काढून ट्रे मांडणारी परिचारिका, उजव्या डोळ्याऐवजी डाव्यावर शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून कपाळावर खूण करणारा सहायक, रुग्णाला गावाहून आणणारी एस.टी.; आणि सोबत आलेला, दिवसाची मजुरी बुडवलेला मुलगा. एक लाख हा आकडा या सर्वांचा आहे. ‘देवदूत’ म्हटले की यांतील एकही माणूस दिसत नाही, कारण देवदूत एकटाच उतरतो.

झाकली जाणारी दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. डॉ. लहाने शासकीय महाविद्यालयात शिकले, शासकीय महाविद्यालयांत शिकवले आणि त्यांच्या आयुष्यातले बहुतेक काम शासकीय रुग्णालयांतून झाले. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा मार्ग वेगळा होता. संधिवाताने बोटे वाकलेली असताना त्यांनी शस्त्रक्रिया आत्मसात केली आणि सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. ऐपत असलेल्या रुग्णांच्या पैशावर ऐपत नसलेल्यांची मोफत सोय केली. तोही आदर्श थोर आहे. परंतु जे. जे. मधल्या रुग्णाचे नाते निराळे होते. ते रुग्णालय त्याच्या करातून उभे होते. तिथे तो कुणाच्या औदार्यावर आलेला नव्हता, हक्काने आलेला होता. सरकारी दवाखान्यात उत्तम काम होऊ शकते, हे त्या चरित्राचे सर्वांत मोठे विधान आहे. आणि नेमके तेच ‘दान’ या शब्दाने पुसले जाते. दान मिळाले नाही तर नशिबाला बोल लावायचा. हक्क मिळाला नाही तर प्रश्न विचारायचा.

आमच्या शहरात ‘घाटी’ म्हटले की सर्वांना कळते. १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय यांना शहराने दिलेले हे घरगुती नाव आहे. जालना, बीड, परभणीपासून माणसे तिथे येतात. आमचे विद्यार्थीही तिथूनच येतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचे डोळे कुठल्यातरी सरकारी रुग्णालयात उघडले आहेत. तरी निबंधात आजी येत नाही, घाटी येत नाही. मुंबईचा देवदूत येतो. स्वतःच्या घरातला पुरावा सोडून छापील विशेषण उचलावे, ही सवय आम्हीच त्यांना लावली आहे काय?

झाकली जाणारी तिसरी गोष्ट म्हणजे वाद. मे २०२३ च्या अखेरीस जे. जे. रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी नेत्रविभागाविरुद्ध तक्रार केली, संप केला. शस्त्रक्रिया स्वतः करून शिकण्याची पुरेशी संधी आम्हाला मिळत नाही, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. डॉ. लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोप नाकारले, आपली बाजू ऐकून घेतली गेली नाही असे म्हटले आणि राजीनामे दिले. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही व तशी इच्छाही नाही. परंतु त्यानंतर आलेल्या निबंधांत या प्रकरणाचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता, हे आम्हाला खटकले. विद्यार्थ्यांना ते ठाऊक होते. विचारल्यावर त्यांनी सांगितले. मग लिहिले का नाही? एक मुलगी म्हणाली, ‘सर, ते निबंधात बसत नाही.’

तिचे म्हणणे खरे आहे. देवदूताला विद्यार्थी नसतात, कनिष्ठ सहकारी नसतात, त्यामुळे त्याच्याविषयी तक्रारही संभवत नाही. शिक्षकाविषयी मात्र ती संभवते. शिकवणाऱ्या रुग्णालयात एक खरा ताण कायमचा असतो: समोरच्या रुग्णाला सर्वांत निष्णात हात मिळावा की उद्याच्या रुग्णांसाठी आजचा शिकाऊ हात तयार व्हावा? दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. एक लाखाचा आकडा एका हाताच्या नावावर जमा होतो तेव्हा हा प्रश्न कुठेतरी उभा राहणारच. चरित्रकाराने त्याला सामोरे जावे. त्याने चरित्रनायक लहान होत नाही. उलट ज्या माणसासमोर असा प्रश्न उभा राहू शकतो तोच माणूस म्हणून आपल्याला समजू शकतो.

कुणी म्हणेल, गरीब घरातल्या मुलांना आदर्श हवे असतात, त्यांच्यापुढे ही चिकित्सा कशाला? आम्हाला या म्हणण्याबद्दल आदर आहे, कारण आमच्यापैकी काहीजण त्याच घरांतून आलो आहोत. पण अनुभव असा की, देवदूत हा आदर्श होऊ शकत नाही. त्याला नमस्कार करता येतो, त्याच्यासारखे होता येत नाही. माकेगावचा मुलगा औरंगाबादेत येऊन सरकारी महाविद्यालयात शिकला, रोज पंधरा डोळे तपासून-कापून हात बसवत गेला, आजारातून उठून परत कामावर गेला, आनंदवनात जाऊन कुष्ठरुग्णांचे डोळे पाहू लागला, हे ऐकल्यावर मात्र मागच्या बाकावरचा मुलगा मान वर करतो. आनंदवनातील शिबिरांचा उल्लेख मुले ‘सेवाभाव’ या एका शब्दात संपवतात. कुष्ठरोगात चेहऱ्याच्या नसा बाधित झाल्यास पापणी पूर्ण मिटत नाही, बुब्बुळाची संवेदना जाते, डोळ्याला इजा झालेली रुग्णाला कळतही नाही; अशा डोळ्यावर शस्त्रक्रिया करणे हे साध्या मोतीबिंदूपेक्षा जोखमीचे असते. हे एक वाक्य सांगितले की ‘सेवाभाव’ या शब्दाला वजन येते. माहितीने आदर घटतो ही समजूत आपण सोडली पाहिजे.

आणि ही काही परकी कसोटी नाही. मराठी गद्यचरित्राचा आरंभच मुळी या मातीत झाला आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केल्या. स्वामींचा बराचसा वावर आमच्या शेजारच्या पैठणात आणि गोदाकाठी झाला. भक्ताने आराध्याविषयी केलेला तो ग्रंथ. स्तुतीची अतोनात सवलत त्याला होती. तरी म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांच्याकडे ते स्वतः गेले, आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या, पाठभेद राहिले तेथे तेही नोंदवले. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाशी काय बोलले, हे सारे त्यात आहे. लीळाचरित्र एम.ए.च्या वर्गात शिकवायचे आणि त्याच आठवड्यात ‘देवदूत’ असलेल्या निबंधाला पहिला क्रमांक द्यायचा, ही विसंगती आमच्या हातून वर्षानुवर्षे घडली आहे.

म्हणून यंदापासून आमच्या विभागाने निबंधस्पर्धेचा विषय बदलायचे ठरवले आहे. विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा गल्लीतील, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका माणसाशी बोलावे. दिसेनासे कसे होत गेले, कुठे दाखवले, कोण सोबत गेले, पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा काय दिसले, ते त्या माणसाच्या शब्दांत लिहून आणावे. नाव बदलावे, शब्द बदलू नयेत. जमल्यास एखाद्या निवृत्त परिचारिकेशी, तंत्रज्ञाशी बोलावे. इतर महाविद्यालयांतील मराठी विभागांनीही हे करून पाहावे अशी विनंती आहे. दहा वर्षांत मराठवाड्यातील नेत्रचिकित्सेचा एक मौखिक इतिहास आपल्या हाती येईल, आणि डॉ. भालचंद्र असोत वा डॉ. लहाने, उद्याच्या चरित्रकाराला मानपत्रांखेरीज दुसरे साधन मिळेल.

या चाचणीदाखल एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे टिपण आणून दिले आहे. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा काय दिसले, या प्रश्नावर आजी म्हणाली, ‘नर्सबाईच्या बोटाला शाई लागली होती, ती दिसली.’ त्या टिपणात दृष्टिदान हा शब्द नाही. आम्ही त्याला पहिला क्रमांक देणार आहोत.